न झालेल्या नौकाघराचा नकाशा

रेवा, तू पाठवलेला फोटो मी छापून आणला आणि त्यावर पट्टी लावून पाहिली. तुझ्या कॉलेजच्या नौकाघराचं दार किती रुंद आहे, ते मला काढायचं होतं. दारात तू उभी आहेस, तुझी उंची मला ठाऊक आहे, त्यावरून बाकीचं निघतं. दार साधारण साडेबारा फूट भरलं. आम्ही आमच्या नकाशात चौदा धरलं होतं.

"आजी, ठाण्यात एवढे तलाव आहेत, मग तिथे एकही बोटहाउस कसं नाही?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी तुझ्या भावाच्या, निषादच्या परीक्षेचा विषय काढला. खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. पुढे या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की तेच उत्तर लिहावं. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे, दिवाळीची सुट्टी तुम्हाला तिकडे नसली तरी रविवार असतोच.

मी एकतीस वर्षं नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. माझ्या वडिलांना वाटायचं की मी कॉलेजात शिकवावं. मी मात्र ड्रॉइंगचा कोर्स केला, आणि साहेबांनी मला घेतलं ते नकाशांवरची इंग्रजी अक्षरं सरळ येतील एवढ्यासाठीच. पगारपत्रकावर शेवटपर्यंत 'ड्राफ्ट्समन' असंच लिहिलेलं होतं. ते बदलून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही. कागदावर कोणी 'मन' आहे की बाई, हे रेघेवरून कळत नाही.

काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, कारण आता ते कुठेच चालत नाही. टेबलावर आधी साधा नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, त्यावर शाईच्या पेनानं रेघा. चुकलं तर रबर चालत नसे. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन शाई हलकेच खरवडायची. जास्त जोर दिला की कागदाला भोक, आणि चार दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून. नकाशा पुरा झाला की त्याचे अमोनियाच्या पेटीत छाप काढायचे. तुमची आई लहानपणी म्हणायची, "आईला औषधाचा वास येतो." तो अमोनियाचा असायचा.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. डोंबिवलीचे एक गृहस्थ घराचा नकाशा पाहायला आपल्या आईला घेऊन आले होते. आजींनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि मला विचारलं, "यात मी तांदूळ निवडायला कुठं बसायचं?" मी नकाशा साहेबांपुढे सरकवला. साहेब म्हणाले, "मागच्या दाराशी चार फूट वाढवा." मी वाढवले. त्या घराला तो ओटा इतका शोभला की पुढे त्या रस्त्यावर तिघांनी तसाच मागितला. नकाशात माणूस कुठे बसतो ते आधी पाहायचं, हे मी त्या आजींकडून शिकले. शिकले असं मला वाटत होतं.

मी निवृत्त झाले आणि सकाळी तलावाकाठच्या उद्यानात फिरायला जाऊ लागले. कुठला तलाव ते लिहीत नाही. ठाणेकर ओळखतील, बाकीच्यांनी कुठलाही समजावा. तिथे सुमन कांबळे भेटली. वर्तकनगरमध्ये राहते, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत होती आणि तिथे जड लाकडी बोटी वल्हवायची. पन्नाशी उलटली तरी तिचे खांदे तसेच होते. तिच्याकडे आसपासच्या शाळांतल्या पंचवीस मुली संध्याकाळी पळायला यायच्या. मैदान मिळालं तर मैदानात, नाहीतर सोसायटीच्या रस्त्यावर.

एक दिवस कठड्याशी थांबून ती म्हणाली, "ताई, मैदान मागून मागून मी दमले. दरवेळी कुणाची तरी क्रिकेट मॅच असते. पण हे बघा, एवढी मोठी जागा रिकामी पडलीय. हिच्यावर कोणाला मॅच खेळता येत नाही."

ती पाण्याबद्दल बोलत होती.

तिची कल्पना साधी होती. उद्यानातच एक लोकांचं नौकाघर असावं. कुणाचा खासगी क्लब नको, फी नको. चार-पाच लांब, हलक्या शर्यतीच्या नावा, वल्ही, लाइफ जॅकेट ठेवायला जागा, आणि पाण्यापर्यंत उतार. नावा देणगीतून आणायची जबाबदारी तिची. जागा आणि परवानगी मिळवण्यासाठी प्रस्ताव लागणार होता, आणि प्रस्तावाला नकाशा लागतो.

"नकाशा मी काढते," मी म्हटलं. निवृत्तीनंतर मला कोणी काही काढायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते फार पटकन तोंडातून गेलं.

चार जणींनी वल्हवायची नाव चव्वेचाळीस फूट लांब असते. ती खांद्यावर उचलून पाण्यापर्यंत न्यावी लागते. म्हणजे नौकाघर बांधणं सोपं, नाव वळवणं अवघड. उद्यानात झाडं, बाकं, पाणपोई, कठडा. कागदावर मी तीन जागा काढल्या, पण माझी खात्री होईना. शेवटी सुमननं खोपटच्या एका मंडपवाल्याकडून बांबू आणले. आम्ही ते टोकाला टोक बांधून बरोबर चव्वेचाळीस फूट केले आणि उद्यानातल्या हास्यक्लबच्या आठ बायकांच्या खांद्यावर दिले.

"कुठलं मंडळ?" फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं.

"मंडळ नाही, बोट आहे," सुमन म्हणाली.

"कुठाय?"

"ही काय."

काका बांबूकडे पाहत राहिले आणि पुढची फेरी न मारता बाकावर बसले.

पहिल्या दोन जागा लगेच बाद झाल्या. एकीकडे घाटाच्या पायऱ्या, दुसरीकडे कठडा. तिसरी जागा पूर्वेची. तिथे काठ आपसूक उतरत पाण्यात जातो. पण वळणावर आमचा बांबू पाणपोई आणि बदामाच्या झाडाच्या मध्ये असा अडकला की पुढे जाईना, मागे येईना. आठही बायका एकमेकींना सूचना देत होत्या.

तेवढ्यात उतारावरून एक बाई आल्या. काष्टा नेसलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. "शेंडा वर घ्या," त्या म्हणाल्या. "मानसा नाय वलवायची, बांबू वलवायचा. पुढल्या दोघी, हात वर." शेंडा पाणपोईवरून पलीकडे गेला आणि बांबू सुटला.

या हिराबाई. तलावाकाठच्या मूळ गावातल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात मासे धरतं. शेवाळ आणि निर्माल्य काढायचं कामही तेच करतात, आणि कोणी बुडालं की शोधासाठी पोलीस आधी त्यांच्याच घरी येतात. उताराच्या टोकाला त्यांची खोप होती. चार बांबू, वर ताडपत्री, आत वाळत घातलेली जाळी आणि पालथी घातलेली होडी.

"एवरी लांब होरी?" त्यांनी बांबूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत विचारलं. "कितीक मानसा बसनार?"

"चार मुली वल्हवणार, आणि एक सांगायला," सुमन म्हणाली.

"सांगायला येगली? म्हंजे सरकारी होरी हाय."

हास्यक्लबच्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसल्या.

जागा ठरली. उतार तिथे होता, कारण हिराबाईंच्या होड्यांनी तो तसा राखला होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी प्रस्तावात वेगळं कलम घातलं की त्यांची खोप पंधरा फूट दक्षिणेला हलवून पक्क्या छपराची करून द्यावी. हिराबाईंना नकाशा समजावला. "छप्पर पक्का देताय तर चालंल," त्या म्हणाल्या. "पोरी पान्यात उतरल्या तर मला पन बरा. मंग बुडनारी कमी व्हतील." त्या रात्री मी शांत झोपले. प्रस्ताव नीटनेटका होता, शीर्षकं, उपशीर्षकं, जोडपत्रं, सगळं क्रमानं. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, एखाद्या जहाजाचा प्रस्ताव दिसतोय.

महिन्याभरानं जागेची पाहणी झाली. उद्यानांचं काम पाहणारे एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ, कामाची आस्था असलेले. कल्पना त्यांना आवडली होती. त्यांनी बरोबर आणलेल्या फायलीतून एक जुना, निळ्या रेघांचा छाप काढून बाकावर पसरला.

"जागा चांगली आहे," ते म्हणाले. "फक्त तुमचं खोपीचं कलम काढावं लागेल. सुशोभीकरण झालं तेव्हाचा हा नकाशा आहे. यात इथं काहीच नाही. म्हणजे ही खोप नंतरची, अतिक्रमण. अतिक्रमणाला आम्ही पक्कं छप्पर देऊ शकत नाही. ती काढायची, की जागा मोकळी."

"ती फार जुनी आहे," मी म्हटलं.

"असेल. पण कागदावर नाही." त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा नकाशा तुमच्याच ऑफिसातला आहे ना, मॅडम? ही आद्याक्षरं कोणाची?"

माझी होती.

हिराबाई चार हातांवर जाळं झटकत उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या जाळं झटकत राहिल्या.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शाईची रेघ छापात उतरते, फिकट पेन्सिलीची उतरत नाही. त्यामुळे जे स्वतःच्या माहितीसाठी हवं पण छापात नको, ते आम्ही पेन्सिलीत ठेवायचो. वीसेक वर्षांपूर्वी त्या तलावाचं सुशोभीकरण निघालं, तेव्हा काठाची मोजणी करून नकाशा मी काढला होता. तेव्हा खोप होती. हिराबाईंच्या सासूबाई तिथे बसत. मी शाईचं पेन उचललं, तर साहेब म्हणाले, "ते पेन्सिलीत ठेवा." मी कारण विचारलं. "शाईत दाखवलंत तर कोणीतरी विचारेल की हे कोणाचं, कोणाच्या परवानगीनं. मग ते काढायला लावतील. दिसलंच नाही तर राहील बिचारं."

साहेबांचा हेतू वाईट नव्हता. आणि त्यांचं खरंही झालं. कठडा झाला, दिवे आले, बाकं आली, आणि इतकी वर्षं त्या खोपीला कोणी हात लावला नाही. पण आता तोच छाप सांगत होता की तिथे काही नव्हतंच. आणि तो मी काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या ऑफिसात गेले. साहेब नाहीत. त्यांचा मुलगा सगळं संगणकावर करतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या नळ्या मात्र त्यानं टाकल्या नव्हत्या. "काकू, सावकाश बघा, धूळ आहे," म्हणत त्यानं माझ्यासाठी शिडी धरली. अकराव्या नळीत मूळ कागद निघाला. पिवळा पडलेला. खिडकीशी तिरपा धरला तर पूर्वेच्या उतारावर चार टिंबं, त्यांना जोडणारी फिकट चौकट, आणि माझ्या अक्षरात 'खोप'.

तो कागद घेऊन मी सुमनकडे गेले. तिनं तो पाहिला आणि चहा ठेवला.

"ताई, हा कागद अधिकाऱ्यांच्या बैठकीत नेऊ नका," ती म्हणाली. "आधी मंजुरी मिळू दे. मग आपण दोघी हिराबाईंसाठी भांडू. मी तुमच्यापुढं उभी राहीन."

"तोवर खोप निघालेली असेल."

"आणि हा दाखवलात तर जागा मोकळी नाही म्हणतील. सगळंच जाईल. पंचवीस मुली आहेत माझ्याकडे. त्यांना किती वेळा सांगू, या वर्षी नाही, पुढच्या वर्षी?" तिनं कपात चहा गाळला. "शिवाय इतकी वर्षं त्या बाईला कोणी हलवलं नाही ते तुमच्या पेन्सिलीमुळेच ना? आता कागदावर आणलंत तर त्यांचं भलंच होईल, हे कशावरून?"

ती चुकीचं बोलत नव्हती. मी चहा संपवला, कागद गुंडाळला आणि म्हटलं, "सुमन, ते माणूस तिथे होतं आणि मी ते काढलं नाही. आता ते नव्हतं असं माझ्या सहीनं ठरतंय. हे मला जमणार नाही."

"मग मला आधी नकाशा काढून कशाला दाखवलात?" ती म्हणाली. दारापर्यंत पोचवायला ती आली नाही.

बैठकीत मी कागद टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला.

"हे कधी काढलं?"

"मूळ नकाशाबरोबरच."

"पेन्सिलीत का?"

"छापात उतरू नये म्हणून."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, प्रस्ताव तुम्हीच आणलात आणि अडवताही तुम्हीच. खोप जुनी असेल तर तिथल्या लोकांचा हक्क तपासावा लागेल. तोवर ही जागा मोकळी आहे असं मला लिहिता येणार नाही. दुसरी जागा आहे?"

दुसरी नव्हती. बांबूनं ते सिद्ध केलं होतं. टेबलाच्या पलीकडे सुमन आपल्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. काही महिन्यांनी पत्र आलं, 'प्रस्ताव दप्तरी दाखल'. म्हणजे फाइल कपाटात गेली आणि कपाट बंद झालं. हिराबाईंच्या खोपीची मात्र रीतसर मोजणी झाली आणि ती नोंदली गेली. छप्पर अजून ताडपत्रीचंच आहे.

रेवा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ठाण्यात बोटहाउस नाही, याचं एक कारण तुझी आजी आहे. त्या पंचवीस मुली आता मोठ्या झाल्या. काही कॉलेजात आहेत, एक कबड्डी खेळते, एकीचं लग्न झालं. त्यांतली कोणी भेटली की मला "नमस्कार आजी" म्हणते. त्यांना माहीत नाही. तुझा फोटो बघताना मला तुझ्या मागे त्या दिसतात, हे तुला सांगायचं होतं. मी केलं ते पुन्हा करीन, पण त्यानं त्या मुलींचं पाणी त्यांना परत मिळत नाही.

त्या बैठकीनंतर सुमन माझ्याशी बोलायची थांबली. उद्यानात ती उलट्या दिशेनं फेऱ्या मारू लागली, त्यामुळे रोज दोनदा समोरासमोर यायचो आणि दोघीही कठड्याकडे बघायचो. असे अकरा महिने गेले.

मग एका सकाळी हिराबाईंनी मला उतारावरून हाक मारली. "ओ बाय, या इकरं. बसा होरीत."

मी म्हटलं, मला पोहता येत नाही.

"मला येतं ना. इतकी वरसा या तलावाचा नकाशा काढताव, कवा पान्यात गेलाव का?"

गेले नव्हते. हिराबाईंनी दिलेलं लाइफ जॅकेट घातलं, चपला खोपीत ठेवल्या आणि दोन्ही हातांनी कड धरून बसले. हिराबाईंनी होडी ढकलली आणि मागच्या टोकाला उडी मारून बसल्या. वीस हात गेल्यावर त्यांनी दोन्ही वल्ही माझ्या हातात दिली. मी ओढलं, तर होडी जागच्या जागी फिरली. पुन्हा ओढलं, तर उलटी फिरली. पाण्यावरून काठ वेगळाच दिसत होता. मी सरळ काढलेली कड जागोजागी आत-बाहेर होती, आणि ओळखीची बाकं मला सापडत नव्हती.

"जोर कमी," हिराबाई म्हणाल्या. "सरल नेवा."

"सरळ कुठे आहे तेच कळत नाहीये मला. पाठ आहे तिकडे."

वल्हवणारा नेहमी उलटा बसतो, हे तुला सांगायला नको. मी वळून मागे पाहिलं, होडी कलली आणि पाणी आत आलं. हिराबाई शांतपणे डबड्यानं ते उपसू लागल्या.

मग काठावरून आवाज आला. अख्ख्या मैदानाला पुरेल असा, पीटीच्या तासाचा.

"खांदे खाली, ताई. दोन्ही हात बरोबर ओढा."

सुमन कठड्याला टेकून उभी होती. फेरी अर्ध्यात सोडून आली असावी. मी दोन्ही हात बरोबर ओढले. होडी जरा सरळ झाली. मी पुन्हा मान वळवायला लागले.

"मागे बघू नका," ती म्हणाली. "मी बघतेय."